करवल्यांची खोली

मंगल कार्यालयात नवरीकडच्या मंडळींना एक खोली मिळते. एक ट्यूबलाइट, एक आरसा, एक पलंग, पलंगावर साड्यांच्या पिशव्या आणि त्या पिशव्यांच्या कुशीत झोपलेलं कुणाचं तरी मूल. बाहेर नाश्त्याची कढई अजून तापलेली नसते, पण खोलीत दिवस सुरू झालेला असतो. नवरी, तिची आई, आजी, करवल्या अशा सगळ्यांना त्याच आरशासमोरून जायचं असतं.

लग्नाच्या तयारीत या खोलीचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. केटररची चव घ्यायला अख्खं घर जातं, फोटोग्राफरचे तीन-तीन अल्बम चाळले जातात. मेकअप करणारीचं मात्र ‘नवरीला आवडली ना, मग झालं’ एवढ्यावर ठरतं. बाकीच्यांचं ‘त्याच करतील’. सगळ्या जणी एका घरातल्या, एका विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या असल्या तरी हा हिशेब चुकतो, कारण सख्ख्या बहिणींच्या रंगातही दोन-दोन छटांचं अंतर असतं. आता तर करवल्या विमानाने येतात.

या प्रकरणापुरता आपण एक गट बसवू. लग्न पुण्यात. नवरी शिकायला लंडनला गेली आणि तिथेच नोकरीला लागली. रंगाने गव्हाळ, केस जाड आणि सरळ. धाकटी बहीण सावळी, कपाळाच्या कडेला कोडाचे डाग. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. आजीचे केस पांढरे आणि विरळ. लंडनहून चार मैत्रिणी येणार आहेत. एकीचे आईवडील नायजेरियाचे, तिचे केस स्प्रिंगसारखे घट्ट कुरळे. दुसरी आयरिश: लालसर केस, दुधासारखी त्वचा, गालांवर तपकिरी ठिपके, आणि खाण्यापिण्यापासून लिपस्टिकपर्यंत पक्की व्हीगन. तिसरी बांगलादेशी वंशाची, हिजाब घेणारी. चौथी साउथॉलची शीख, अमृतधारी. आठ चेहरे, आठ डोकी. असा गट आता काही नवलाचा राहिलेला नाही. ज्या घरातलं एक मूल परदेशी आहे त्या घराच्या लग्नात यातल्या दोघी-तिघी तरी असतातच.

अशा गटासाठी कलाकार निवडताना मी एकच नियम पाळते: नवरीच्या चेहऱ्यावरून निवड करायची नाही. नवरीसारखे शंभर चेहरे पुण्यातल्या कुठल्याही बऱ्या मेकअप आर्टिस्टने केलेले असतात. गटातला जो चेहरा, जे केस तिच्या हाताखालून सगळ्यांत कमी गेले असतील, त्यांच्यापासून विचारायला सुरुवात करायची. तिथे ती टिकली तर नवरीची काळजी नको.

हे एवढं का अडतं ते कळायला बाटलीच्या आत डोकवावं लागतं. फाउंडेशनच्या बाटल्यांवर मधाची, बदामाची, कॉफीची नावं असतात. पण बहुतेक बाटल्यांत रंग मुळात चारच. टायटॅनियम डायॉक्साइडचा पांढरा, आणि लोहाच्या ऑक्साइडांचे तीन: लाल, पिवळा, काळा. गंजाचीच भावंडं म्हणा ना. या चौघांच्या प्रमाणावर सगळ्या छटा चालतात. पांढरा रंग झाकायला चांगला, म्हणून उत्पादक तो सढळ हाताने घालतात. गोऱ्या कातडीवर त्याने काही बिघडत नाही. गडद छटा करायची वेळ आली की मात्र त्याच पांढऱ्या पायावर काळा ओतून भागवायची जुनी खोड आहे. पांढरा अधिक काळा म्हणजे राख. गडद त्वचेवर असा बेस लावला की बाई आजारी दिसते, आणि आरशात बघून तिलाच वाटतं की दोष आपल्या रंगाचा. खरं तर गडद छटेत पांढरा कमी आणि लाल-पिवळा नेमका लागतो, आणि काही कंपन्या त्यात निळ्याचाही थेंब घालतात.

दुसरी गोष्ट, त्वचेचा रंग नुसता उजळ-गडद असा एका शिडीवर चढत-उतरत नाही. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी ही आपली शिडी स्थळांच्या जाहिरातींनी पाठ करून घेतली आहे. पण मराठीत आणखीही शब्द होते. केतकीसारखी गोरी म्हणजे पिवळसर झाक असलेली, तांबूस गोरी ती निराळी. यालाच आज मेकअपवाल्या ‘अंडरटोन’ म्हणतात. आपल्या आज्यांना ही झाक दिसत होती आणि तिला नावही होतं. रंगपेशींची संख्या माणसामाणसांत फारशी बदलत नाही. त्या पेशी तयार करतात ते रंगकण किती मोठे, कोणत्या जातीचे आणि कसे विखुरलेले, यावर गडदपणा ठरतो. वर रक्ताची लाली मिसळते, ती वेगळीच. म्हणून सारख्याच उजळ दोन मुलींना एक बाटली चालेलच असं नाही. एक त्या बाटलीने खुलते, दुसरी कावीळ झाल्यासारखी दिसते.

१९७५ या सालात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत थॉमस फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञाने त्वचेचे प्रकार ठरवणारी एक पट्टी मांडली, आणि भारतात ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम बाजारात आली. फिट्झपॅट्रिकला सोरायसिसच्या प्रकाशोपचारात किती मात्रा द्यायची ते ठरवायचं होतं. म्हणून त्याचा प्रश्न रंगाचा नव्हताच. उन्हात तुमची त्वचा भाजते की रापते, एवढंच त्याने विचारलं. सुरुवातीला त्या पट्टीवर गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते, तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडले गेले. २०२२ मध्ये हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी गूगलने खुली केली, तोवर संगणकही बऱ्याच ठिकाणी त्याच सहा खणांत जगाला बसवत होते. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांना या संकुचितपणाचा हिसका त्याआधीच बसला होता, २०१७ मध्ये. रिहानाच्या ‘फेंटी ब्यूटी’ने पहिल्याच दिवशी फाउंडेशनच्या ४० छटा फळीवर मांडल्या आणि गडद बाटल्या आधी संपल्याच्या बातम्या झाल्या. ‘फेअर अँड लव्हली’मधला ‘फेअर’ गेला २०२० मध्ये, म्हणजे ४५ वर्षांनी. नाव बदललं. आपल्याकडच्या लग्नांत बेस मात्र अजूनही एक छटा वर चढवूनच लावला जातो. ‘फोटोत छान येतं’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

फोटोत काय येतं ते आमच्या घरातल्या एका लग्नाने दाखवलं. मावशी सावळी, देखणी. रिसेप्शनच्या फोटोंत तिचा चेहरा चुन्यासारखा आणि आहेर देणारे हात मात्र तिच्या स्वतःच्या रंगाचे. दोष एकट्या बेसचा नव्हता. सनस्क्रीनमधलं टायटॅनियम किंवा झिंक आणि वरून मारलेली सिलिकाची बारीक पावडर कॅमेऱ्याचा फ्लॅश परतवतात. खोलीत नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही. म्हणून ट्रायल झाली की खोली अंधारी करून फोनचा फ्लॅश लावून एक फोटो काढायचा. एवढ्याशा गोष्टीने कैक अल्बम वाचतील.

आता निवडीकडे येऊ. इन्स्टाग्रामचं पान बघायचं, पण नवऱ्यांचे मिटलेले डोळे बघत बसायचं नाही. त्या पानावर कोण नाही ते बघायचं. सावळी मुलगी आहे का? असेल तर तिचा चेहरा, कान आणि गळा एकाच रंगाचे आहेत का? साठीच्या पुढची बाई आहे का? कुरळे केस कुरळेच ठेवलेली एक तरी आहे, की सगळ्या आधी सरळ करून मग पुन्हा गोल केलेल्या? फिल्टर लावलेल्या फोटोंवर विसंबू नका. खिडकीजवळ फोनने काढलेला साधा व्हिडिओ मागा. ज्यांचं काम चांगलं आहे त्यांना या मागणीचा राग येत नाही.

मग सरळ विचारायचं: “ताई, आमच्या या मैत्रिणीच्या रंगाचं काम तुम्ही आधी केलंय का?” याला दोन तऱ्हेची उत्तरं मिळतात. एक: “टेन्शन घेऊ नका, आपण सगळ्यांना मस्त उजळ करू.” इथे चहा संपवून उठावं. दुसरं: “नाही केलं. पण तिचा दिवसाच्या उजेडातला फोटो पाठवा, ती रोज कुठला बेस वापरते त्याचं नाव आणि नंबर पाठवा, मी मागवून ठेवते. तिला म्हणावं तिची बाटलीही घेऊनच ये.” ही बाई निवडावी. तिने कबूल केलं की येत नाही, आणि येत नसलेलं कसं करायचं तेही तिला ठाऊक होतं.

नायजेरियन वंशाच्या मैत्रिणीची ट्रायल आधी होणार नाही, ती लग्नाच्या दोन दिवस आधी उतरणार. तरी उतरल्यावर अर्धा तास काढायचाच. बेस जबड्याच्या कडेला लावून गळ्यापर्यंत ओढायचा, मनगटावर नाही. खिडकीशी उभं राहायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. त्वचेच्या तेलाने आणि हवेने काही बेस लावल्यावर गडद होत जातात, आणि लावल्या लावल्या जुळलेली बाटली मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत एक छटा घसरलेली असते.

आणि आपल्याकडे हळद आहे. परदेशातल्या कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात ही अडचण सापडणार नाही. आदल्या दिवशी हळद लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिवळ्या झाकेवर बेस चढवायचा असतो. आपल्या रंगावर ती झाक शोभते. आयरिश मैत्रिणीच्या त्वचेवर मात्र ती दोन दिवस ओरडत राहते, आणि तिच्या फिक्या केसांना किंवा आजीच्या पांढऱ्या बटांना लागली तर निघता निघत नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून घासून धुण्यापेक्षा तेल चोळून पुसणं बरं. साबणाने घासलं तर डाग लालसर होतात. हळदीला चुना लागला की कुंकवासारखा लाल रंग होतो, तीच ही करामत, साबणही चुन्यासारखाच अल्कली ना! उन्हाने हळद फिकी पडते, पण आयरिश मुलीला पुण्याच्या उन्हात बसवणं हा उपाय नव्हे. तिला हळदीला बसवण्याआधी चेहऱ्याला खोबरेल लावा आणि केस घट्ट बांधून झाका. मेकअप करणारीला हळद कधी आहे ते आधी सांगा, म्हणजे ती दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा जुळवायची दहा मिनिटं धरून येईल.

चेहरा चुकला तर पुसता येतो. केसांचं तसं नाही, आणि निवडीत सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते.

केस म्हणजे केराटिनच्या साखळ्या. त्या एकमेकींना दोन तऱ्हेच्या दुव्यांनी धरून असतात. पक्के दुवे गंधकाचे, ते जन्मजात वळण ठरवतात आणि सहसा रसायनाशिवाय तुटत नाहीत. कच्चे दुवे हायड्रोजनचे. ते पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि केस सुकले, गार झाले की नव्या आकारात पुन्हा बसतात. टाँगने केलेला कर्ल म्हणजे हे कच्चे दुवे. म्हणूनच चांगली हेअरस्टायलिस्ट गरम बट लगेच सोडून देत नाही. गोल गुंडाळून पिनेने डोक्याशी अडकवते आणि गार झाल्यावर सोडते. ट्रायलला तिचं हे एक पाहिलं तरी हात ओळखू येतो. दमट हवेत हे दुवे आपोआप ढिले पडतात. मे महिन्यातल्या पुण्याच्या कोरड्या हवेत रात्रीपर्यंत टिकलेले कर्ल अलिबागच्या किंवा गोव्याच्या लग्नात अंतरपाट धरेपर्यंत लोंबतात. तिकडच्या लग्नाला मोकळे केस नकोतच. अंबाडा घाला, खोपा घाला, वेणी माळा. कोकणातल्या बायकांनी केस बांधण्याच्या एवढ्या तऱ्हा उगाच नाही काढल्या.

घट्ट कुरळे केस हे वेगळंच प्रकरण आहे. त्यांना वळण मुळापासूनच असतं, केस उगवतो ती नळीच वाकडी. डोक्याच्या कातडीतलं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून हे केस कोरडे आणि ठिसूळ. कोरडे असताना मुळाकडून टोकाकडे विंचरले की तुटतात. पाणी आणि कंडिशनर लावून टोकाकडून मुळाकडे, बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने सोडवावे लागतात. आपल्याकडे सर्रास केलं जाणारं क्रिम्पिंग आणि बॅककोंबिंग इथे अत्याचार ठरतं. ‘एकदाच स्ट्रेट करून घेऊ’ म्हणून भरमसाट तापलेलं यंत्र फिरवलं तर काही बटा पुन्हा कधीच कुरळ्या होत नाहीत, त्या वाढून कापाव्याच लागतात.

आपल्या पार्लरवाल्या ताईंना हे ठाऊक नसेल तर त्यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये केशकलेच्या राष्ट्रीय मानकांत आफ्रो आणि घट्ट कुरळ्या केसांचं काम सगळ्यांसाठी धरलं गेलं ते २०२१ मध्ये. न्यूयॉर्क राज्याने अशा केसांचं शिक्षण सौंदर्यशाळांना सक्तीचं करणारा कायदा केला तो २०२३ मध्ये. म्हणजे आपली ही लंडनची मैत्रीण तिच्या स्वतःच्या शहरातल्या सलूनमध्येही ‘आम्ही तुमच्यासारखे केस करत नाही’ हे ऐकत मोठी झालेली असू शकते. पुण्याच्या लग्नाचं आमंत्रण आल्यावर साडीच्या खालोखाल तिला हीच धास्ती असणार. तेव्हा नवरीने तिला आधीच मोकळेपणाने विचारावं.

वाट सोपी आहे. तिने लंडनहून निघण्याआधी आपल्या नेहमीच्या बाईकडून बारीक वेण्या घालून यायचं. कित्येक तासांचं काम, लग्नाच्या पहाटे ते होणारच नाही, पण एकदा घातल्या की आठवडेच्या आठवडे राहतात. मग इथल्या बाईने फक्त त्या वेण्यांची मांडणी करायची. उचलून खोपा बांधायचा, आकड्यांनी बसवायचा आणि गजरा माळायचा. खोलीतला सगळ्यांत भरदार खोपा तिचाच होणार, बाकीच्यांना गंगावन लावूनही तो साधणार नाही. वेण्यांशिवाय मोकळे केस ठेवायचे असतील तर मात्र असे केस रोज हाताळणारी व्यक्ती हवी. पुण्यात आफ्रिकी देशांतले विद्यार्थी आहेत, ओळखीतून विचारलं तर सराईत हाताची कुणी भेटू शकते. तिला त्या दिवसापुरतं वेगळं बोलवा आणि तिचे वेगळे पैसे द्या. आपल्या मेकअप आर्टिस्टला याचं वाईट वाटत असेल तर तो तिचा प्रश्न.

आयरिश केसांची अडचण नेमकी उलट. केस बारीक, मऊ, पिना निसटतात. तिने लग्नाच्या सकाळी न्हायचं नाही, आदल्या दिवशी न्हायचं, म्हणजे केसांना थोडी पकड येते. तिच्या भुवया फिक्या. त्यावर आपली नेहमीची काळी पेन्सिल फिरवली की मुलगी नाटकातल्या खलनायिकेसारखी दिसेल, तपकिरी लागते. गालावरचे ठिपके झाकू नका. ते डाग नव्हेत. आजीला गंगावनाचं ओझं नको, छोटासा अंबाडा आणि एक अबोलीची वेणी पुरते. पावडर हात आखडून, कारण ती सुरकुत्यांत जाऊन बसते आणि आजी आणखी पाच वर्षांनी म्हातारी दिसते.

चेहरा आणि केस ही दोन वेगळी कामं आहेत हे आपल्या नाटकवाल्यांना पूर्वीपासून कळलेलं आहे. जाहिरातीत रंगभूषा एकाची, केशभूषा दुसऱ्याची. हिंदी चित्रपटसृष्टीत मात्र या विभागणीला एक कुरूप बाजू होती. मुंबईच्या रंगभूषाकारांच्या संघटनेचे नियम असे की मेकअप करणारे पुरुष, बायकांनी फक्त केस करायचे. शिवाय सभासदत्वासाठी पाच वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं असण्याची अट. चारू खुराना आणि इतर काही जणींनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले. आजपासून मागे मोजा, फार जुनी गोष्ट नाही. लग्नाच्या खोलीत मात्र बाई दोन्ही करत आली आहे, साडीही नेसवते, मुंडावळ्याही बांधते, आणि या सगळ्याला मिळून आपण ‘पार्लरवाली’ एवढाच शब्द ठेवला. चार-पाच जणींच्या सारख्या गटाला अशी एक हरहुन्नरी बाई पुरेल. आपल्या आठ जणींच्या गटाला पुरणार नाही. रंगभूषा आणि केशभूषा वेगवेगळ्यांकडे द्या.

आता काही गोष्टी अशा, की त्या कलाकाराच्या हातापेक्षा तिच्या तोंडावर अवलंबून असतात. बहिणीच्या कपाळावरचं कोड. ‘हे झाकून टाकू हं’ असं परस्पर म्हणणारी बाई नको. तिला विचारायचं: झाकायचं की तसंच ठेवायचं? दोन्ही उत्तरं तिचीच. आणि कोड असलेल्या त्वचेला घासणं, ओढणं, चिकटपट्टी हे सोसत नाही, इजा झाली तिथे नवा डाग उठू शकतो. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं आणि त्याने कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडल्याचं आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलं आहे. तिची चंद्रकोर चिकटवायची नाही, कुंकवाने किंवा लायनरने काढायची. नीट काढता येते ना, हा ट्रायलचा चांगला प्रश्न आहे.

शीख मैत्रिणीला ‘थोडं आयब्रो करून देऊ का’ विचारायचं नाही. अमृतधारी स्त्री अंगावरचा केस काढत नाही, आणि धागा हातात घेतलेली बाई समोर उभी राहिली की नाही म्हणण्याचं ओझं तिच्यावर पडतं. हिजाब घेणाऱ्या मैत्रिणीला आडोसा हवा आणि मदतनीसही बाईच हवी. फोटोग्राफरचा पोरगा ‘गेटिंग रेडी’चे शॉट घ्यायला दार ढकलून आत येतो, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. व्हीगन मैत्रिणीसाठी लाल लिपस्टिकचं वेष्टन वाचा. ‘कारमाइन’ किंवा सीआय ७५४७० असं लिहिलं असेल तर तो रंग कॉकिनील नावाच्या किड्यांपासून केलेला. काटेकोर जैन घरांतही हे वाचून पाहण्यासारखं आहे. आईच्या डोळ्यांना काजळ, मस्कारा काही नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नाही. तिला चष्म्याची छान फ्रेम घ्या.

काळ्या मेंदीला कुणीही हात लावू नये. तिच्यातल्या पीपीडीने फोड येतात आणि त्यानंतर आयुष्यभर केसांचा डायही बाधू शकतो. नवीन गोंद, नवीन डाय, नवीन काहीही असो, ४८ तास आधी कोपराच्या आत थेंबभर लावून बघायचं. बाकी स्वच्छतेचं एकाच खुणेवरून कळतं: लिपस्टिक सरळ कांडीनेच लावते, की खरवडून पाटीवर घेऊन ब्रशने? आठ जणींना एकच मस्काराची कांडी फिरली आणि एकीचे डोळे आलेले असले तर सत्यनारायणाला सगळ्या काळे चष्मे लावून बसतील.

उरला वेळेचा हिशेब. मुहूर्त अकरा चाळीसचा धरू. गौरीहराला नवरी साडेआठला बसायला हवी. नवरीच्या चेहऱ्याला सव्वा तास, बाकी सात जणींना सरासरी ४० मिनिटं, म्हणजे एकूण ३५५ मिनिटं, जवळजवळ सहा तास. एकटी बाई रंगभूषा करणार असेल तर पहिली करवली पहाटे अडीचला उठवावी लागेल. दोघी असतील तर साडेपाचला सुरुवात. केसांनाही तेवढाच वेळ, म्हणजे तिथेही दोघी. चार जणी आणि साडी नेसवणारी पाचवी. हे अंदाजपत्रक आधी ऐकल्यावर वधुपित्याचा चेहरा पडतो, पण त्यावर कन्सीलर नाही. करार कागदावर घ्या, निदान व्हॉट्सअॅपवर: ज्यांचं काम पाहिलं त्या स्वतः येणार की मदतनीस पाठवणार, त्याच मुहूर्ताला दुसरं लग्न घेतलंय का, शालू बदलल्यावर केस पुन्हा करणार का, आयत्या वेळी नववी करवली उभी राहिली तर तिचे किती. ही नववी करवली नेहमी असते. आत्याची मुलगी असते.

कुणाला आधी बसवायचं? वेण्यांची मांडणी पहिली, तिला घाई चालत नाही. तेलकट त्वचेच्या मुली शेवटाकडे. आजी सगळ्यांत शेवटी, पंधरा मिनिटांत होते आणि तिला ताटकळायला नको. नवरीला अगदी शेवटची ठेवू नका, सगळ्यांचा उशीर तिच्या डोक्यावर येऊन पडतो.

आणि कार्यालय बघायला जाल तेव्हा हॉल बघून झाला की ही खोलीही उघडून बघा. खिडकी कुठल्या दिशेला आहे? प्लग किती? दीड हजार वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो, भिंतीवरचं साधं बटण सहा अँपिअरचं. त्यावर विस्तारपट्टी लावून दोन स्ट्रेटनर आणि इस्त्री जोडली की मंगलाष्टकांआधीच अंधार. १५-१६ अँपिअरचे दोन प्लग मागून घ्या. लंडनच्या मैत्रिणींची यंत्रं इथे चालतात, नुसता पिनांचा अडॅप्टर लागतो. अमेरिकेहून कुणी ११० व्होल्टचं घेऊन आली तर तिचा स्ट्रेटनर एका झटक्यात जळेल, बरोबर एखादी बटही घेऊन.

एक गोष्ट ठरवायची कुणाच्याच लक्षात राहत नाही. घातलेलं सगळं रात्री काढणार कोण? मेकअप करणाऱ्या जेवून केव्हाच गेलेल्या असतात. खोपा सोडायला दोघी लागतात. चांगली हेअरस्टायलिस्ट पिना मोजून लावते आणि जाताना आकडा सांगून जाते: एका मैत्रिणीच्या ६२, दुसरीच्या ४०. स्प्रेने दगड झालेले केस ओढायचे नाहीत, आधी तेल. पापण्यांचा गोंद तेलाच्या बोळ्याने सुटतो. वेण्यांमधला गजरा कापून काढायचा, उपसायचा नाही, नाहीतर मोगऱ्याचा दोरा आत राहतो. आजी पलंगावर पाय सोडून बसलेली, समोर स्टीलची वाटी, आणि तिच्या पुढ्यात पाठ करून बसलेल्या दोन मैत्रिणी, ज्यांची आणि तिची भाषा एक नाही. पिन वाटीत पडते, आजी मोठ्याने आकडा म्हणते. छप्पन्न. सत्तावन्न. अजून पाच कुठेतरी आहेत.